सावध करणारा ठग

‘ठग’ हा शब्द आपल्या भाषेंत फार जुना असून, झांकणें, लपविणें या अर्थाच्या संस्कृत धातूपासून तो आला आहे. पुढें तो इंग्रजींत गेला आणि तेथें कोणत्याहि गुंडाला लागूं लागला. परंतु मूळचा ठग हा गुंड नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन यानें पकडलेल्या ठगांच्या जबान्या नोंदवून घेतल्या. त्यांवरून ठगांची जी रीत दिसते ती अशी : वाटेवर एखादा सभ्य वेषाचा मनुष्य वाटसरूला भेटे, गांव विचारी, कोठें निघालांत म्हणून चौकशी करी, आणि मग आवाज खालीं आणून सांगे कीं, पुढची वाट चांगली नाहीं, चोराठगांचा सुळसुळाट फार आहे, तरी एकट्यानें जाऊं नका, आमची मंडळी मोठी आहे, सोबत चला. वाटसरू त्याचे उपकार मानी आणि सोबत चालूं लागे. फांस पुढें, सोयीची जागा पाहून, पडे.

आज मराठवाडा म्हणून ओळखला जाणारा मुलूख त्या काळीं निजामाच्या अंमलाखालीं होता. निजामाच्या नोकरींतील मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी या भागांत पुष्कळ वावरला. १८५३ नंतर कांहीं वर्षें नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारहि त्याच्याकडे होता. ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपानें त्यानें लिहिलेली कादंबरी १८३९ सालीं विलायतेंत प्रसिद्ध झाली आणि फार गाजली. या सगळ्या वर्णनांना कंपनीच्या अधिकाऱ्यांनीं पदरचें तिखटमीठ किती लावलें, यावर अलीकडच्या इतिहासकारांनीं बराच वाद घातला आहे, आणि तो निष्कारण नाहीं. तथापि सावध करण्याच्या मिषानें सावज गांठण्याची ही युक्ति तरी खोटी मानण्याचें कारण दिसत नाहीं. कारण ती आजहि चालू आहे, आणि ती पाहण्यासाठीं कोणाला रानांत जावें लागत नाहीं.

नांदेड जिल्ह्यांत, तेलंगणाच्या सीमेलगत धर्माबाद हें गांव आहे. सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरील स्टेशन आणि लाल मिरचीची बाजारपेठ म्हणून तें दूरवर ओळखलें जातें. मिरचीच्या ढिगापाशीं आलेला जाणता गिऱ्हाईक नुसत्या रंगावर भाव करीत नाहीं. तो मूठभर मिरची उचलतो, देंठ पाहतो, एखादी मोडून बीं पाहतो, ओल आहे कीं काय तें चांचपतो, आणि मगच तोंड उघडतो. आतां समजा, याच मनुष्याच्या घरीं संध्याकाळीं कोणी संगणकावर गाडीची वेळ, एखादें जुनें भजन किंवा मुलीच्या परीक्षेचा निकाल शोधीत बसलें आहे. कोठें तरी कळ दाबली जाते आणि पडदा एकदम निळा किंवा लाल होतो. भोंगा वाजावा तसा आवाज सुरू होतो. संगणकांत विषाणु शिरला आहे, बँकेचा तपशील चोरला जात आहे, यंत्र बंद करूं नका, केल्यास सर्व माहिती नष्ट होईल, ताबडतोब पुढील क्रमांकावर फोन करा, असा मजकूर झळकूं लागतो. शिरोभागीं मायक्रोसॉफ्टचें चिन्ह असतें. खिडकी बंद करावयास जावें तर तिनें सारा पडदा व्यापलेला. बंद करण्याची फुलीच सांपडत नाहीं. बाजारांतली तीं चौकस बोटें अशा वेळीं थिजतात आणि फोनकडे वळतात.

धोक्याची सूचना आणि तिच्याबरोबर संपर्काचा पत्ता, या जोडीचा माग काढीत गेलें तर वाट लाहोरला पोहोंचते. १९८६ सालीं तेथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघां भावांनीं ‘ब्रेन’ नांवाचा विषाणु तयार केला. आयबीएमच्या धर्तीच्या वैयक्तिक संगणकांत पसरलेला हा पहिला विषाणु समजतात. आपण लिहिलेल्या वैद्यकीय प्रणालीच्या चोरट्या प्रती लोक काढतात, त्यांना आळा बसावा, एवढाच हेतु होता असें ते सांगत. आश्चर्य असें कीं, त्या विषाणूच्या पोटांत त्यांनीं आपलीं नांवें, दुकानाचा पत्ता आणि फोनचे क्रमांक घातले होते, आणि या विषाणूपासून जपा, लस हवी असल्यास आमच्याकडे या, अशा आशयाचा निरोपहि ठेवला होता. फ्लॉप्या हातोहात देशोदेशीं गेल्या आणि लाहोरच्या दुकानांत परदेशांतून फोन वाजूं लागले. पंचवीस वर्षांनीं, २०११ सालीं, मिक्को हिप्पोनेन हा फिनलंडचा संगणकतज्ज्ञ त्या पत्त्याचा शोध घेत लाहोरला गेला, तों तेच दोघे भाऊ त्याच ठिकाणीं व्यवसाय करीत असलेले त्याला भेटले. असला सरळपणा पुढें या धंद्यांत उरला नाहीं. १९८९ मध्येंच जोसेफ पॉप या अमेरिकन शास्त्रज्ञानें एड्स रोगाविषयींची माहिती म्हणून सुमारें २०,००० फ्लॉप्या टपालानें वांटल्या. त्या वापरणाराचा संगणक कांहीं दिवसांनीं अडून बसे आणि पनामांतील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवावयास सांगे.

लाहोरच्या दोघां भावांनीं रोग काढला, तर पुण्याच्या दोघां भावांनीं औषध काढलें. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्तीचें लहानसें दुकान चालवीत. पुढें दुरुस्तीला संगणक येऊं लागले, आणि त्यांतील पुष्कळांना विषाणूंनीं ग्रासलेलें असे. धाकटे बंधु संजय हे संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं एकेका विषाणूवर उतारा लिहावयास आरंभ केला. त्यांतूनच १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ ही विषाणुरोधक प्रणाली बाजारांत आली. असलीं औषधें देशोदेशीं निघालीं, आणि त्यांच्यामुळें लोकांना एक संवय जडली. संगणकाच्या कोपऱ्यांत धोक्याची सूचना दिसली कीं ती खरी मानावयाची, आणि सांगेल तें करावयाचें. खऱ्या वैद्याचा लौकिक झाला नसता तर भोंदू वैद्याचें कांहींएक चाललें नसतें.

भोंदू वैद्याला उंबऱ्यांतून आंत येण्याचें दारहि आयतेंच मिळालें. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धांत ट्रायपॉड या संस्थळावर काम करणाऱ्या ईथन झुकरमन यानें, मूळ पानावर न बसतां स्वतंत्र खिडकींतून उसळून वर येणारी जाहिरात तयार केली. एका मोटार-कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली म्हणून ती कंपनी रागावली होती. जाहिरात आणि पान यांचा संबंध दिसूं नये, एवढाच हेतु. २०१४ सालीं झुकरमननें जाहीर लेख लिहून याबद्दल क्षमा मागितली. मधल्या काळांत व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. जाहिराती लादणाऱ्या प्रणाली, ज्यांना अ‍ॅडवेअर म्हणतात, त्या एखाद्या फुकट मिळणाऱ्या उपयुक्त वस्तूच्या पदराआड लपून संगणकांत शिरत. गेटर नांवाची प्रणाली संकेतशब्द लक्षांत ठेवण्याचें काम करी आणि त्याबरोबर दुसऱ्यांच्या पानांवर आपल्या जाहिराती टाकी. २००२ सालीं अमेरिकेंतील वृत्तपत्रांच्या मालकांनीं तिच्या चालकांना न्यायालयांत खेंचलें. नवें कोरें यंत्र तरी निर्मळ असावें, पण २०१५ च्या फेब्रुवारींत लेनोव्हो कंपनीच्या कांहीं संगणकांत ‘सुपरफिश’ ही असलीच प्रणाली विक्रीपूर्वींच घातलेली असल्याचें उघड झालें आणि कंपनीला ती काढून टाकण्याची व्यवस्था करावी लागली.

२००५ च्या सुमारास खोट्या औषधांना ऊत आला. विनफिक्सर आदि नांवांच्या प्रणाली उसळत्या खिडकींतून संगणक तपासण्याचें सोंग करीत, शेंकडों रोग सांपडल्याचें दाखवीत आणि बरें करण्याचे पैसे मागत. २००८ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें ज्या टोळीविरुद्ध दावा लावला, तिनें दहा लाखांहून अधिक ग्राहकांना फसविल्याचा आरोप होता. मग फोनवरून बोलणारीं माणसें या धंद्यांत आलीं; आणि येथून पुढें या इतिहासांत आपला देश येतो, हें खेदानें नमूद करावें लागतें. ३ ऑक्टोबर २०१२ रोजीं त्याच कमिशननें एकदम सहा दावे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांचीं माणसें असल्याचें भासवून इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील घरांत फोन जात होते, आणि ते करणारे बहुतांशीं भारतांत बसलेले होते. अनोळखी फोन लोक उचलीनासे झाले तेव्हां धंदेवाल्यांनीं डाव उलटविला. आपण फोन करण्याऐवजीं खिडकींत क्रमांक देऊन सावजालाच फोन करावयास लावलें. स्वतः फोन केलेल्या माणसाला संशय कमी येतो, हें त्यांनीं बरोबर ताडलें होतें.

महाराष्ट्रांत या पंथाचें सर्वांत मोठें प्रकरण उघडकीस आलें तें २०१६ च्या ऑक्टोबरांत. ठाणें पोलिसांनीं मीरा रोड येथील फोन-केंद्रांवर रात्रीं छापे घातले आणि सातशेंहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यांत घेतलें. सुमारें सत्तरांना अटक झाली. येथें सोंग संगणक-दुरुस्तीचें नव्हतें, तर अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचें होतें. तुमचा कर थकला आहे, पोलीस दाराशीं येत आहेत, असें सांगून अमेरिकन नागरिकांकडून पैसे उकळले जात. सोंगाचा फरक सोडला तर पद्धति तीच. त्याच महिन्यांत अमेरिकेच्या न्याय खात्यानें अशा फोन-केंद्रांच्या प्रकरणांत ६१ व्यक्ति व संस्थांवर आरोप ठेवले. मीरा रोडला पकडलेल्यांत पुष्कळ जण विशी-पंचविशींतले होते. शाळेंत ज्यांच्याकडून इंग्रजी उच्चार घोटून घेतले, तीं हीं मुलें. समोर ठेवलेला कागद पाहून, परक्या नांवानें, रात्रभर कोणा अमेरिकन म्हाताऱ्याला भिववीत बसलीं होतीं. त्यांतील कांहींना आरंभीं आपण काय करतों याची कल्पना नसेलहि. पण एखादा महिना गेल्यावर ती आली नसेल, हें मानणें कठीण आहे. पुढेंहि छापे पडतच राहिले. २०१८ सालीं दिल्ली, गुरुग्राम व नोएडा येथें मायक्रोसॉफ्टच्या तक्रारीवरून पोलिसांनीं अनेक खोट्या दुरुस्ती-केंद्रांना कुलुपें ठोकलीं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत केंद्रीय अन्वेषण विभागानें ‘ऑपरेशन चक्र-२’ या नांवाखालीं देशांत ७६ ठिकाणीं झडत्या घेतल्या. त्यांतील प्रकरणांपैकीं दोन मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांनीं दिलेल्या माहितीवरून नोंदलीं गेलीं होतीं.

फोन केल्यावर काय घडतें, हें नीट समजून घेण्याजोगें आहे. पलीकडचा मनुष्य अत्यंत नम्र असतो. प्रथम तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखी प्रणाली उतरवून घ्यावयास सांगतो. या प्रणाली मुळांत चांगल्या कामासाठीं केलेल्या आहेत. दूर बसलेल्या जाणत्याला आपला पडदा दिसावा आणि आपलें यंत्र हाताळतां यावें, एवढेंच त्या करतात. पण एकदां ती किल्ली दिली कीं घर त्याचें. मग तो विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नांवाची नोंदवही उघडतो. तींत तांबड्या-पिंवळ्या खुणांच्या ओळींमागून ओळी असतात, आणि या सर्व विषाणूंच्या खुणा आहेत असें तो गंभीरपणें सांगतो. वस्तुतः ती यंत्राची रोजनिशी आहे. छापयंत्र जोडलेलें नव्हतें, अमुक सेवा उशिरां सुरू झाली, असल्या क्षुल्लक तक्रारी तींत अगदीं निरोगी संगणकांतहि साठत असतात. दुसरी क्लृप्ति म्हणजे ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा चालविणें. तिच्या उत्तरांत ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ असा एक रकाना असतो. त्याचा अर्थ केवळ समोरच्या यंत्राचा पत्ता एवढाच, पण हा सद्गृहस्थ सांगतो कीं, पाहा, परदेशांतील चोर या घटकेला तुमच्या यंत्रांत बसले आहेत. नाडी पाहून, चालत्या माणसाला आतां दोन दिवसांचा सोबती ठरविणाऱ्या वैदूहून हा निराळा नव्हे. त्यानंतर दर ठरतो. कोणी बँकेंतून पैसे वळते करून घेतो, कोणी दुकानांतून भेट-कार्डें विकत आणून त्यांवरील अंक वाचून दाखवावयास लावतो. कोणी याहूनहि पुढें जातो: कांहीं महिन्यांनीं पैसे परत करण्याच्या बहाण्यानें फोन करतो, पडद्यावरील बँकेच्या पानांतले आंकडे हातचलाखीनें बदलतो, चुकून जास्त रक्कम गेली, ती परत करा नाहींतर माझी नोकरी जाईल, म्हणून रडतो. दयाळू माणसें येथें दुसऱ्यांदा लुबाडलीं जातात.

ही विद्या परदेशीयांपुरती राहिली नाहीं. २०१९ च्या फेब्रुवारींत रिझर्व्ह बँकेनें एनीडेस्कच्या आडून मोबाइलमधील पैसे काढले जात असल्याचा इशारा येथील बँकांना दिला. म्हणून धर्माबादच्या मिरची-व्यापाऱ्यालाहि या ढिगाची पारख हवी.

पारख तशी अवघड नाहीं. ब्राउझरमध्यें उघडलेलें पान हें वर्तमानपत्राच्या पानासारखेंच असतें. तें आपल्या संगणकाच्या पोटांत डोकावून विषाणु मोजूं शकत नाहीं. मोजले म्हणून सांगत असेल तर तें खोटें बोलत आहे. मायक्रोसॉफ्टनें स्पष्ट सांगितलें आहे कीं, आपल्या सूचनांमध्यें फोन क्रमांक कधींच नसतो. क्रमांक दिसला कीं निकाल लागला. आरडाओरडा, उलटी मोजणी, यंत्र बंद करूं नका अशी विनवणी, या सर्व गोष्टी विचाराला अवसर मिळूं नये म्हणून आहेत. अशा वेळीं प्रथम आवाज बंद करावा. एस्केप ही कळ थोडा वेळ दाबून धरल्यास किंवा एफ-११ दाबल्यास पडदा व्यापलेली खिडकी बहुधा लहान होते, आणि मग ती बंद करतां येते. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा व तेथून ब्राउझर संपवावा. तेंहि न साधल्यास यंत्राचें बटण दाबून धरून तें सरळ बंद करावें. धमकींत सांगितलेलें कांहींहि नष्ट होत नाहीं, फार तर न जतन केलेलें काम जाईल. पुन्हां सुरू केल्यावर पूर्वींचीं पानें उघडूं काय, असें ब्राउझर विचारील. त्याला नकार द्यावा, नाहींतर तीच अवदसा परत येते.

एवढ्यानें खिडकी गेली आणि पुन्हां आली नाहीं, तर तो वाटेवरचा भिकारी होता असें समजावें. दररोज येऊं लागली तर मात्र घरांतच कोणी बसलेला आहे. बहुतेक वेळां हा दोष सूचना पाठविण्याच्या परवानगीचा असतो. एखाद्या संस्थळानें, आपण यंत्र नसून मनुष्य आहां हें दाखविण्यासाठीं ‘अलाउ’ दाबा, असें म्हटलें आणि घाईंत तें दाबलें गेलें. ब्राउझरच्या सेटिंगांत सूचनांच्या परवानग्यांची यादी असते. तींतील अनोळखी नांवें काढून टाकावींत. नंतर ब्राउझरला जोडलेल्या पुरवण्या, ज्यांना एक्स्टेन्शन म्हणतात, त्या पाहाव्यात, आणि आपण न मागवलेल्या उपटाव्यात. संगणकांतील प्रणालींची यादी तारखेच्या क्रमानें लावली तर उपद्रव सुरू झाला त्या दिवशीं कोण घरांत आलें तें ध्यानांत येतें. शेवटीं विंडोज १० व ११ मध्यें मूळचीच असलेली विषाणुरोधक प्रणाली संपूर्ण तपासणीसाठीं चालवावी. याला निराळे पैसे लागत नाहींत. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेंहि २०१७ सालापासून शुद्धीकरणाचीं साधनें विनामूल्य दिलीं आहेत. मोबाइलमध्यें अशा जाहिराती कोठूनहि उसळूं लागल्या, तर अलीकडे घेतलेली टॉर्च, वॉलपेपर किंवा फाइल साफ करणारी एखादी प्रणाली बहुधा कारण असते. यंत्र ‘सेफ मोड’मध्यें सुरू करून ती काढावी, आणि इतर प्रणालींच्या वर दिसण्याची परवानगी कोणाकोणाला दिली आहे तेंहि पाहावें.

पण फोन केला गेला असेल, पलीकडच्याला आंत घेतलें असेल, तर एक क्षणहि दवडूं नये. प्रथम इंटरनेटची तार काढावी किंवा वायफाय बंद करावें, म्हणजे त्याचा हात तुटतो. मग ती दूरस्थ प्रणाली काढून टाकावी, आणि संकेतशब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. बँकेला लगेच कळवावें. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें तत्त्व घालून दिलें कीं, ग्राहकाच्या हलगर्जीमुळें पैसे गेले असतील तर बँकेला कळवीपर्यंतची हानि त्याची, आणि कळविल्यानंतरची बँकेची.

येथें बहुतेकांचें पाऊल अडखळतें, तें अज्ञानानें नव्हे, लाजेनें. पेन्शनीचे पैसे गमावलेला वडील माणूस मुलाला सांगत नाहीं. मुलगा आपल्याला म्हातारा म्हणेल, फोन हातांतून काढून घेईल, अशी त्याला धास्ती असते. फसविणाऱ्याला ही लाज पुरती ठाऊक असते आणि तो तिच्यावर विसंबून असतो. जुन्या काळचे वाटसरू तक्रार करावयास मागें उरत नसत. ठगांचीं टोळकीं मोडलीं तीं त्यांच्यापैकींच कांहीं जण माफीचे साक्षीदार होऊन बोलूं लागले म्हणून. आजचा फसलेला मनुष्य जिवंत आहे, त्याला क्रमांक, वेळ आणि आवाज आठवतो आहे; आणि तो बोलल्यास पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीं वाटेंतच अडविले जाण्याचा संभव असतो. त्यासाठीं २०२१ सालीं १५५२६० हा क्रमांक सुरू झाला, आणि पुढें त्याच्या जागीं १९३० आला. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संस्थळावरहि तक्रार नोंदवितां येते. संगणकाच्या साहाय्यानें तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड या कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फसविणारा कोलकात्यांत असो कीं समुद्रापार, धर्माबादच्या रहिवाशाला तक्रार धर्माबादच्याच ठाण्यांत देतां येते. जातांना बँकेचा उतारा, व्यवहाराचा क्रमांक, ज्या क्रमांकावर बोलणें झालें तो, आणि पडद्याचें छायाचित्र काढलें असल्यास तें, एवढें बरोबर न्यावें.